त्यांच्या वाटचे मागणे

ताई, सप्रेम नमस्कार.

मी नाशिकरोडला, जेलरोड भागात राहते. आमच्या समोरच्या दारात चौदा वर्षांपासून एक ख्रिस्ती कुटुंब आहे. भाऊ नोटप्रेसमधून निवृत्त झाले, वहिनी घरीच शिवणकाम करतात. दिवाळीला आमचा फराळ त्यांच्याकडे आणि नाताळला त्यांच्या करंज्या आणि केक आमच्याकडे, असा घरोबा आहे. आठ महिन्यांपूर्वी भाऊंच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्याचे कळले. तेव्हापासून सोमवार, बुधवार, शुक्रवार असे आठवड्यातून तीनदा त्यांचे डायलिसिस चालू आहे. मुलगी लग्न होऊन बंगळूरला असते, त्यामुळे सगळे वहिनींच्याच अंगावर आहे.

पहिल्या दिवसापासून मी दिवेलागणीला रामरक्षा म्हणताना भाऊंचे नाव घेते. सप्तशृंगीला मनातल्या मनात नवसही बोलले आहे. वहिनींना यातले काही सांगितलेले नाही, कारण त्यांचा देव वेगळा, त्यांना काय वाटेल, अशी भीती वाटते. इमारतीतल्या बायका म्हणतात, त्यांच्या घरी जाऊन सामुदायिक हनुमान चालिसा करू, म्हणजे घरातली पीडा जाईल. माझा मुलगा इंजिनिअरिंगला आहे. तो म्हणतो, ‘आई, रामरक्षेनं क्रिएटिनिन उतरत नाही. त्यापेक्षा त्यांच्या गाडीत पेट्रोल भर.’ (क्रिएटिनिन म्हणजे किडन्या बिघडल्या की रक्तात वाढणारा टाकाऊ घटक.) मागच्या आठवड्यात वहिनी जिन्यात भेटल्या. मी ‘देव आहे’ एवढेच म्हणाले, तर त्या म्हणाल्या, ‘तो ऐकत नाही हो आता. मी मागायचंच सोडलंय.’ मला काही सुचले नाही. तेव्हापासून त्यांचे दार बहुतेक बंद असते. मी त्यांच्यासाठी प्रार्थना करते, हे त्यांना सांगू का? आणि ताई, खरे सांगा, त्याचा काही उपयोग असतो का?

समोरच्या दाराची शेजारीण

*

प्रिय ताई,

तुम्ही दोन प्रश्न विचारले आहेत, परंतु पत्र वाचताना माझे मन त्या दोन्हींच्या आधी जिन्यात थांबले. जिने आयुष्यभर देवाजवळ मागितले, त्या बाईने ‘मागायचंच सोडलंय’ असे म्हणावे, याला मी श्रद्धा संपल्याची खूण मानत नाही. आठ महिने दिवसाआड दवाखाना, मधल्या दिवशी औषधे, रक्ताचे रिपोर्ट आणि पथ्याचा स्वयंपाक आणि रात्री शेजारच्या माणसाचा श्वास ऐकत पडून राहणे, हे ज्याच्या वाट्याला येते त्याचे हात जोडले जाईनासे होतात. मी स्वतः त्यातून गेले आहे, म्हणून हे खात्रीने लिहिते. त्या क्षणी तुम्हाला काही सुचले नाही, याचा खेद करू नका. तुम्ही देवाची बाजू मांडायला गेला नाहीत, हे फार बरे झाले.

मी पंचवटीत, गंगेपासून (गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो) चार-पाच मिनिटांच्या अंतरावरील एका वाड्यात वाढले. मी दहा वर्षांची असताना माझे आजोबा गेले. घरात सुतक आले, आणि आमच्याकडील रिवाजाप्रमाणे घरातल्या कोणीच देव्हाऱ्याला हात लावायचा नव्हता. चुलीवर त्या दिवशी काही शिजले नाही, पिठले-भात शेजारच्या खोलीतून आला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच खोलीतल्या काकू आंघोळ करून, आमच्यासाठी म्हणून वेगळी परडी फुले घेऊन दारात उभ्या राहिल्या. त्यांच्या घरचे दैवत खंडोबा, आमच्या देव्हाऱ्यात राम. आत येण्यापूर्वी त्यांनी आजीला जे विचारले ते मला अजून आठवते: ‘तुमच्या देवांना काय काय लागतं? नैवेद्य कशाचा असतो? माझ्या मनानं काही करत नाही, तुम्ही सांगाल तसं करते.’ आजीने भिंतीला टेकून बसल्या जागेवरून सांगितले, आणि तेरा दिवस काकूंनी आमची पूजा आमच्या पद्धतीने केली. संध्याकाळी निरांजन लावून त्या निघून जात. सांत्वनाचे शब्द त्यांनी फारसे उच्चारलेले मला आठवत नाहीत. सुतक फिटल्यावर त्यांनी परडी आजीच्या हातात दिली आणि ‘आता तुमचं तुम्ही सांभाळा’ एवढेच म्हटले.

सुतकाचे नियम आजच्या घरांनी पाळावेत की नाही, हा येथे विषय नाही. मला त्यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. घरातल्या माणसांचा हात देवापर्यंत पोहोचू शकत नाही असे दिवस येतात, आणि तेवढ्या दिवसांपुरता तो दिवा शेजाऱ्याने सांभाळायचा असतो, ही समज आपल्याकडे पूर्वीपासून आहे. तुमच्या वहिनी आज नेमक्या अशा दिवसांत आहेत. तुम्ही आठ महिने जे करत आहात ते चांगलेच आहे, परंतु त्यात काकूंनी दारात उभे राहून विचारलेला प्रश्न राहून गेला आहे. भाऊंसाठी काय मागायचे, हे तुम्ही वहिनींना विचारलेले नाही. ते तुम्ही तुमच्या मनाने ठरवले आहे.

म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे की होय, सांगा, पण विचारण्याच्या रूपाने सांगा. ‘मी आठ महिने रोज तुमच्यासाठी रामरक्षा म्हणते आहे’ असे सांगितले, तर वहिनींवर नकळत ऋण चढते. त्यांना ‘किती करता हो तुम्ही’ असे म्हणावे लागते, आणि भाऊंना उतार पडला नाही तर तुमच्यासमोर त्यांनाच अपराध्यासारखे वाटू लागते. त्याऐवजी एखाद्या मंगळवारी किंवा गुरुवारी दुपारी, त्या एकट्या असताना जा आणि इतकेच म्हणा: ‘वहिनी, तुम्हाला सध्या मागणं होत नसेल, तर तुमच्या वाटचं मी मागते. काय मागू, तेवढं सांगा.’ जिन्यात, चारचौघींत किंवा डायलिसिसच्या दिवशी संध्याकाळी हे बोलू नका. चार तास यंत्राला जोडलेला माणूस घरी येतो तेव्हा तो आणि त्याला घेऊन येणारी बाई, दोघेही गळून गेलेले असतात.

हे विचारल्यावर गप्प राहण्याची तयारी ठेवा. कदाचित त्या ‘काही नको’ म्हणतील, आणि मग त्यांच्या नावाने मागण्याचा आग्रह धरू नका, ‘बरं, मी समोरच आहे’ म्हणून उठा. परंतु माझा अनुभव असा आहे की थोड्या वेळाने अगदी लहान मागणे पुढे येते. सुई पहिल्याच वेळी नीट लागू दे. रात्री सलग तीन तास झोप लागू दे. मुलीला दिवाळीत रजा मिळू दे. बाहेरचे आपण सगळे ‘भाऊ लवकर बरे होऊ देत’ असे म्हणत असतो, आणि घरातल्या माणसाला मात्र ठाऊक असते की कायमच्या निकामी झालेल्या किडन्या डायलिसिसने पूर्ववत होत नाहीत, ते यंत्र किडनीच्या कामाचा काही भाग करून माणसाला पुढच्या खेपेपर्यंत नेते. त्यामुळे ‘लवकर बरे व्हा’ हा आपला सदिच्छेचा शब्द त्यांना दर वेळी ही जाणीव नव्याने करून देतो. त्यांनी सांगितलेले लहान मागणे तुम्ही मागू लागलात की त्या एकट्या उरणार नाहीत, आणि तुमची प्रार्थनाही जे खरोखर त्या घरात चालू आहे त्याच्याशी जोडली जाईल.

एक मागणे असे येऊ शकते की ज्याने तुम्ही गोंधळाल, म्हणून आधीच लिहिते. भाऊंचे नाव किडनीसाठी प्रतीक्षायादीत घातले असेल, किंवा घालण्याचा विचार चालला असेल. मेंदूमृत घोषित झालेल्या व्यक्तीच्या नातेवाइकांनी संमती दिली तर त्या व्यक्तीचे अवयव यादीतील रुग्णांना मिळतात. अशा किडनीसाठी देवाजवळ कसे मागायचे, या प्रश्नाने अनेक घरे आतून कुरतडली जातात, कारण आपण कोणाचा तरी मृत्यू मागतो आहोत असे त्यांना वाटते. वहिनींनी मागणेच सोडले त्यामागे हेही असू शकेल. तसे त्या बोलल्या, तर त्यांना सांगा की मृत्यू कोणाच्या मागण्याने येत नाही. ज्या घरावर तो येणारच आहे, त्या घरातल्या माणसांना त्या भयंकर घटकेला दुसऱ्याला देण्याचे बळ मिळो, एवढेच आपण मागतो आहोत. आणि हे मागणार असाल, तर ताई, तुम्ही स्वतः अवयवदानाचा संकल्प अर्ज भरा आणि तो भरल्याचे तुमच्या यजमानांना व मुलाला स्पष्ट सांगून ठेवा, कारण ती वेळ आली तर संमती त्यांनाच द्यायची असते. ‘वहिनी, तुम्हीच का नाही देत किडनी?’ हा प्रश्न मात्र तुम्ही विचारू नका आणि इमारतीत कोणाला विचारू देऊ नका. कायद्याने पती-पत्नी एकमेकांना किडनी देऊ शकतात हे त्यांना तुमच्याआधी डॉक्टरांनी सांगितलेले असते, आणि त्या देऊ शकत नसतील तर त्याचे दुःख त्यांना पुरेसे आहे.

आता इमारतीतल्या बायकांचा बेत. तो कृपा करून थांबवा. त्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही, परंतु असा एक दिवस मी सोसला आहे. माझ्या यजमानांना अर्धांगवायू झाल्यानंतर दुसऱ्या महिन्यात काही नातेवाईक मंडळींनी आमच्या घरी सामुदायिक पाठ ठरवला. मला विचारले नाही, कळवले. पंचवीस माणसे दोन खोल्यांत बसली, उदबत्तीचा धूर कोंडला, आणि बाजूच्या खोलीत ज्यांच्यासाठी हे चालले होते ते बोलता येत नसल्याने नुसते डोळे मिटून घेत होते. मी चहाची पातेली चढवत होते. सगळे गेल्यावर एकजण म्हणाल्या, ‘आता बघ, गुण येईल.’ गुण आला नाही तेव्हा पाठात काही चुकले का, घरात काही चुकले का, याचीही चर्चा झाली. त्या चर्चेने मला जेवढे मोडले तेवढे आजाराने मोडले नव्हते.

तुमच्याकडे तर ‘पीडा’ हा शब्द आधीच उच्चारला गेला आहे. ज्यांच्या घरी आजार आहे, त्यांच्या घरात काहीतरी वाईट शिरले आहे असे त्या शब्दातून सुचवले जाते, आणि ते घर इमारतीतले एकमेव ख्रिस्ती घर असेल तर त्या शब्दाला आणखी एक धार येते, जी कोणाच्या मनात नसली तरी लागते. बायकांना एकत्र बसायचेच असेल तर त्यांनी तुमच्या घरी बसावे, तेही वहिनींना विचारून, आणि वहिनी ‘नको’ म्हणाल्या तर बसू नये. इमारतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘भाऊंसाठी प्रार्थना करा’ असा निरोप टाकताना त्यांचे रिपोर्ट, दवाखाना, खर्च यांची माहिती पसरवली जाते, आणि प्रार्थनेच्या निमित्ताने एका घराचे दुःख सर्वांच्या चर्चेचे होते, हेही टाळले पाहिजे. भाऊंचे नाव देवाजवळ घ्यायला त्यांचे क्रिएटिनिन ठाऊक असण्याची गरज नाही.

धर्माच्या फरकाचे तुम्ही इतके भय बाळगू नका, मात्र तो फरक नाहीच असेही समजू नका. दुसऱ्यासाठी देवाजवळ शब्द टाकणे सर्वांकडे आहे. ख्रिस्ती मंडळींत त्याला मध्यस्थीची प्रार्थना म्हणतात, मुसलमान शेजारी दुआ करतो, त्र्यंबकेश्वरी किंवा गंगेवर गुरुजी संकल्प सांगतात तेव्हा ज्याच्यासाठी करायचे त्याचे नाव घेतात, आणि आपल्याच जिल्ह्यात इगतपुरीच्या धम्मगिरीवर दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराच्या शेवटी सर्व प्राण्यांचे मंगल चिंतणारी मैत्रीसाधना शिकवतात. तुमच्या मनाला जी भाषा येते तिच्यातच मागा. रामरक्षा तुम्हाला लहानपणापासून पाठ असेल तर ती सोडून वहिनींना बरे वाटावे म्हणून कोणती तरी अनोळखी प्रार्थना म्हणणे खोटे होईल. परंतु काही श्रद्धाळू ख्रिस्ती माणसांना आपल्यासाठी अन्य दैवताजवळ काही मागितलेले रुचत नाही, आणि त्यांना तसे वाटण्याचा हक्क आहे. म्हणून वहिनींशी बोलताना ‘देवाजवळ मागते’ एवढेच म्हणा. कोणत्या स्तोत्राने, ते त्यांनी विचारले तर खरे सांगा.

आणि त्यांच्या बाजूचेही काही करता येण्यासारखे तुमच्या हाताशी आहे. नाशिकरोडच्या बाळ येशूच्या मंदिरात दर फेब्रुवारीत यात्रा भरते आणि तेथे मेणबत्ती लावणाऱ्यांत हिंदू बायकाही पुष्कळ असतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. ‘मी रविवारी तिकडे जाते आहे, येता का, की तुमच्या वतीनं लावून येऊ?’ असे तुम्ही विचारू शकता. आल्या तर मुकाट्याने सोबत बसा. नाही आल्या तर मेणबत्ती लावून या आणि परत आल्यावर त्याची वार्ता करू नका. त्यांच्या मंडळीतील पाळकसाहेब किंवा फादर घरी येत असतील, त्यांच्या मंडळीतल्या बायका प्रार्थनेला येत असतील, तर त्या वेळी तुम्ही चहा करून द्यावा, भाऊंच्या उशाशी बसावे, यासारखी मदत नाही.

‘तो ऐकत नाही’ असे त्या पुन्हा म्हणाल्या तर काय करायचे? त्यांचे म्हणणे खोडून काढू नका. ‘देव परीक्षा पाहतो’, ‘मागच्या जन्मीचे असेल’, ‘यातही काही चांगले असेल’ ही तिन्ही वाक्ये निरोगी माणसाला सुचतात आणि आजाऱ्याच्या घरी काट्यासारखी रुततात. त्यांच्या श्रद्धेत अशा आक्रोशाला जागा आहे, वधस्तंभावर खिळलेल्या येशूनेही तू मला का सोडलेस असे आपल्या देवाला विचारले होते, आणि आपल्या संतांनी विठ्ठलाशी कडकडून भांडण केले आहे. देवाशी भांडणारे माणूस अजून देवाशी बोलतच असते. म्हणून ‘हो वहिनी, मलाही कधी कधी कळत नाही’ असे म्हणा, ते खरेही असेल. मात्र त्यांच्या बोलण्यात स्वतःविषयी ‘आता जगून काय करायचं’ असा सूर येऊ लागला, किंवा भाऊंनीच डायलिसिसला जायला नकार दिला, तर ते केवळ प्रार्थनेवर सोडू नका. डायलिसिस चुकले की अंगात पाणी साचते, फुफ्फुसांत उतरते, रक्तातले पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडू शकतात, म्हणून तेव्हा लगेच डॉक्टरांना कळवले पाहिजे. मनाच्या आधारासाठी सरकारची टेली-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र आणि विनाशुल्क आहे, आणि ती मराठीतही बोलते. तो क्रमांक कागदावर लिहून देण्यापेक्षा तुम्ही स्वतः त्यांच्याजवळ बसून लावून दिलात तर अधिक चांगले.

दीर्घ आजाराच्या घरी आणखी एक माणूस हमखास पोहोचतो, जो ‘यंत्र बंद करा, मी बरे करतो’ असे सांगतो. तो प्रत्येक धर्मात असतो, कधी भस्म घेऊन, कधी तेल घेऊन, कधी काढा घेऊन. आपल्या राज्यात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. तो पूजेच्या, प्रार्थनेच्या किंवा कीर्तनाच्या आड येत नाही, परंतु चमत्काराचा दावा करून लोकांना फसवणे आणि लुबाडणे हा त्याने गुन्हा ठरवला आहे. असा माणूस त्या दाराशी आला तर शेजारीण म्हणून तुम्ही मध्ये पडा. तिथे संकोच करू नका.

तुमचा दुसरा प्रश्न, उपयोगाचा. तुमच्या मुलाचे म्हणणे बरोबर आहे, रामरक्षेने क्रिएटिनिन उतरत नाही, आणि तसे मी तुम्हाला सांगितले तर मी तुमची फसवणूक केली असे होईल. अमेरिकेत सहा रुग्णालयांतील बायपास शस्त्रक्रियेच्या १८०२ रुग्णांवर केलेला एक मोठा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. त्यात अनोळखी प्रार्थनागटांनी रुग्णांची नावे घेऊन चौदा दिवस प्रार्थना केली. आपल्यासाठी प्रार्थना होते आहे की नाही हे ज्यांना नक्की सांगितले नव्हते, अशा दोन गटांत शस्त्रक्रियेनंतरच्या गुंतागुंतीचे प्रमाण जवळपास सारखे निघाले, प्रार्थना झालेल्यांत ५२ टक्के आणि न झालेल्यांत ५१ टक्के. तिसऱ्या गटाला मात्र ‘तुमच्यासाठी नक्की प्रार्थना होणार आहे’ असे सांगून ठेवले होते, आणि त्यांच्यात हे प्रमाण ५९ टक्के आढळले. संशोधकांपैकी एकाने एक शक्यता सांगितली की, लोकांना प्रार्थनेला बसवावे लागले इतका मी गंभीर आहे का, या धास्तीने त्या रुग्णांचे मन दडपले असेल.

मी हा अभ्यास देवाची परीक्षा म्हणून वाचत नाही. मला त्यात दिसते ते हे, की प्रार्थना करणारे परके होते, त्यांचा मजकूर आधीच ठरला होता, आणि ‘तुमच्यासाठी काय मागू’ असे त्या १८०२ जणांपैकी एकालाही कोणी विचारले नव्हते. तुम्ही परक्या नाही. चौदा वर्षांचा फराळ आणि करंज्या तुमच्यामध्ये आहेत. तुमच्या प्रार्थनेने भाऊंच्या रक्तात काय होईल हे माझ्या हातात नाही, परंतु रोज दिवेलागणीला ज्याचे नाव आपण घेतो त्या माणसाला आपण विसरत नाही, एवढे मी सांगू शकते. पहिल्या पंधरा दिवसांत डबे येतात, चौकशा होतात, आणि तिसऱ्या महिन्यापासून दाराची घंटा वाजेनाशी होते. डायलिसिस तर वर्षानुवर्षे चालणारी गोष्ट आहे. आठव्या महिन्यातही तुम्ही त्यांच्याविषयी पत्र लिहिता आहात, हे त्या रोजच्या नाव घेण्यामुळेच घडले आहे असे मला वाटते.

नवसाविषयी एकच सांगते. तो तुम्ही बोललात, म्हणून तो फेडणे तुमच्याकडेच राहू द्या. भाऊंना गडावर न्यावे, वहिनींनी खणानारळाने ओटी भरावी, असे काही त्यात बोलला असाल तर देवीची क्षमा मागून ते मागे घ्या. दुसऱ्याच्या पायांनी नवस बोलता येत नाही.

प्रसादाबाबत मात्र फार काळजी घ्या, कारण येथे प्रेमापोटीच घात होऊ शकतो. नारळपाणी, केळे, खजूर, सुका मेवा, केळे घातलेले पंचामृत या सगळ्यांत पोटॅशियम भरपूर असते, आणि डायलिसिसवरील रुग्णाला ते धोक्याचे ठरते. पाणीसुद्धा त्यांना मोजून दिलेले असते, त्यामुळे तीर्थाचा आग्रह करू नये. ज्या हाताची धमनी आणि शीर जोडून डायलिसिसची जागा तयार केली आहे, त्या हाताला गंडा, दोरा, रक्षासूत्र यांतले काहीही बांधू नये. त्या हातावर घट्ट कपडा किंवा घड्याळही चालत नाही, कारण रक्ताचा प्रवाह अडला तर ती जागाच निकामी होऊ शकते. रक्षाबंधनाला तुम्ही भाऊंना राखी बांधत असाल तर दुसऱ्या हाताला बांधा. खाण्याचे काही द्यावेसे वाटले तर वहिनींसाठी द्या. पथ्याचा स्वयंपाक करणारी बाई स्वतःसाठी वेगळे काही करत नाही, उरलेले अळणी खाऊन उठते. एखाद्या मंगळवारी तिच्यापुरती गरम भाकरी आणि ठेचा नेऊन द्या, आणि ती जेवेपर्यंत भाऊंजवळ बसा.

मुलाला माझा आशीर्वाद सांगा, आणि पेट्रोलची सूचना त्याचीच असल्याने पुढचे कामही त्याच्याकडेच द्या. त्याच्याकडे वाहन चालवण्याचा परवाना असेल तर आठवड्यातली एक खेप त्याने घ्यावी. दवाखाना शहरात असेल तर संध्याकाळी द्वारका चौकातल्या कोंडीतून, शेजारी थकलेला नवरा घेऊन, रिक्षात बसून परतणे वहिनींना किती जड जात असेल, हे तो एकदा गेला की त्याला कळेल. तो गाडी चालवत असेल तेव्हा तुम्ही घरी दिवा लावा आणि वहिनींनी जे सांगितले असेल ते मागा.

आणि एक बारकावा, जो डायलिसिसच्या घरातल्या माणसांनाच ठाऊक असतो. सोमवार, बुधवार, शुक्रवार अशा पाळीत शुक्रवारनंतर दोन दिवसांचा खंड पडतो, अंगात पाणी साठत जाते, आणि रविवारची रात्र सर्वांत अवघड जाते, श्वास लागतो, आडवे होता येत नाही. तुमची रोजची प्रार्थना आहे तशीच चालू द्या, पण रविवारी रात्री झोपण्यापूर्वी आणखी एकदा त्यांचे नाव घ्या. फोन उशाशी, आवाज चालू करून ठेवा, दाराच्या कडीला वरचे कुलूप लावू नका, आणि हे तुम्ही असे ठेवता हे वहिनींना आधीच सांगून ठेवा, म्हणजे रात्री दोन वाजता घंटा वाजवताना त्यांचा हात अडखळणार नाही.